बायोडेटाची शेवटची ओळ

कर्नाटकातल्या जोयड्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक फाइल असते, ‘बायोडेटा न्यू’ नावाची. कुंभारवाड्याचा, जगलबेटचा, रामनगरचा मुलगा येतो, मार्कलिस्टांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसतो आणि दुकानदार ती फाइल उघडतो. वरचं नाव पुसून नवं नाव टाकतो. वडिलांचं नाव, गाव, पोस्ट, फोन, एसएसएलसीचे आणि पीयूसीचे मार्क बदलतात. खाली एक ओळ येते. छंद: क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे, पुस्तके वाचणे. त्या ओळीवर कर्सर थांबत नाही. तिच्याखालचं ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ हे वाक्यही तसंच राहतं. प्रिंट निघते, मुलगा सही करतो आणि गोव्याची किंवा बेळगावची बस पकडतो.

गेली काही वर्षं या भागातली मुलं आपले अर्ज मला दाखवायला आणतात. मार्कांच्या तक्त्यावरून मी फक्त नजर फिरवते, कारण तिथे माझ्याने बदलण्यासारखं काही नसतं. ते काम बोर्डाने आणि विद्यापीठाने आधीच उरकलेलं असतं. अनुभवाचा रकाना बहुतेकांचा कोरा. उरते ती शेवटची ओळ. पहिल्याच नोकरीला निघालेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला अख्ख्या कागदावर स्वतःबद्दल स्वतः बोलायला मिळालेली तेवढीच जागा, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या फाइलमधून आलेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

गेल्या डिसेंबरात कुंभारवाड्याच्या बाजूच्या एका वाडीतली मुलगी आली होती. बी.एस्सी. झालेली. फोंड्याजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासणी विभागात जागा निघाली होती. तिच्या कागदावर होतं: बागकाम, वाचन.

“घरी बाग आहे का गं?”

“बाग नाही बाई. परसात कंद आहेत.”

“कसले?”

ती बोटांवर मोजायला लागली. मुडली, कोन, काटेकणंग, मग तिच्या घरातली नावं, जी मी पहिल्यांदाच ऐकत होते. अकरावर थांबली. कोणता कंद लवकर शिजतो, कोणता घशाला खाजतो आणि कशात उकडला की खाजायचा थांबतो, कोणता पावसाळ्यापर्यंत टिकतो आणि कोणता आधीच मऊ पडतो, हे ती पाठ केलेल्या धड्यासारखं नव्हे, रोजच्या बोलण्यासारखं सांगत होती. बियाण्याचा कंद वेगळा कसा ठेवायचा, डोळा कुठल्या बाजूला ठेवून पुरायचा, वेलाला काठी कधी द्यायची, सगळं. जोयड्याच्या कुणबी घरांत ही लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि हिवाळ्यात जोयड्यात कंदांचा मेळावा भरतो, ज्याला सगळे ‘गड्डे-गेणसू मेळा’ या कन्नड नावानेच ओळखतात. त्या मेळाव्यात ही मुलगी चार वर्षं आईबरोबर कंद घेऊन बसत होती आणि कोणता किती किलो गेला ते शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवत होती.

खाण्याच्या मालाची तपासणी करणाऱ्या कारखान्याला कंदाचं टिकणं, खाजणं, मऊ पडणं वर्षानुवर्षं बारकाईने पाहिलेली आणि नोंद ठेवणारी मुलगी हवी असणार की नाही? आणि तिने लिहिलं काय, तर बागकाम!

आपल्याकडे आवड, छंद आणि नाद हे तीन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक इथे फार उपयोगी पडतो. आवड मनात असते. हात न लावताही ती असू शकते. मला समुद्र आवडतो, म्हणून मी काही खलाशी होत नाही. छंद लागला की माणूस त्यासाठी वेळ काढतो, वस्तू जमवतो, चुकतो आणि पुन्हा करतो. नाद लागला की घरचे ओरडायला लागतात. नोकरी देणाऱ्याला तुमची आवड कळून फारसा उपयोग नसतो. त्याला पाहायचं असतं की कुणी सांगितलेलं नसताना, मार्क मिळत नसताना, पैसे मिळत नसताना हा माणूस कशाच्या मागे लागतो आणि किती दिवस टिकतो. म्हणून ‘तुझे छंद काय?’ असं मी मुलांना विचारतच नाही. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच ठरलेलं उत्तर असतं. मी विचारते, ‘घरचे तुला कशावरून ओरडतात?’ मग खरं बाहेर येतं. पंपाची मोटर खोलून ठेवतो म्हणून. रात्री भजनाहून उशिरा येतो म्हणून. मोबाइलवर पाखरांचे आवाज ऐकत बसते म्हणून.

ठरलेलं उत्तर कुठून आलं, हेही पाहण्यासारखं आहे. मराठीत ‘बायोडेटा’ या एकाच शब्दावर आपण दोन कागद चालवतो, लग्नाचा आणि नोकरीचा. लग्नाच्या बायोडेटातलं ‘वाचन, संगीत, प्रवास’ म्हणजे माणूस शांत आहे, घरात त्रास देणार नाही, एवढंच सांगणं. तिथे कुणालाच न खुपणारं लिहिणं शहाणपणाचं असेल. नोकरीचा कागद वाचणारा मात्र समोरच्या गठ्ठ्यातून एखादा वेगळा कागद काढायला बसलेला असतो. न खुपणारं लिहिलं की आपला कागद गठ्ठ्यातच राहतो.

मग लिहायचं कसं? याचा सगळ्यात चांगला धडा मला एका सरकारी फॉर्ममध्ये सापडला. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची मुलाखत असते. तिथे उमेदवाराकडून वैयक्तिक माहितीचा एक फॉर्म भरून घेतात. तयारी करणारी मुलं त्याला पीआयक्यू म्हणतात. त्यात खेळांपुढे नुसतं नाव लिहून भागत नाही. कोणता खेळ, किती काळ खेळलात, कोणत्या पातळीवर, काही विशेष कामगिरी, असे रकाने असतात. छंदही विचारलेले असतात आणि मुलाखत घेणारा तोच कागद समोर ठेवून प्रश्न काढतो. यूपीएससीच्या सविस्तर अर्जातही छंद लिहावे लागतात, आणि २७५ गुणांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत मंडळापुढे तोच अर्ज असतो. म्हणजे जिथे निवड सर्वात कसून होते, तिथे ही ओळ कुणी शोभेची मानत नाही.

त्या फॉर्मचे रकाने आपल्या कागदाला लावून पाहा. काय, कधीपासून, किती, आणि त्यातून काय झालं.

रामनगरच्या एका मुलाच्या अर्जात ‘क्रिकेट खेळणे’ होतं. त्याला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गोदामाच्या कामाला अर्ज करायचा होता. रकाने लावल्यावर कळलं की तो खेळतो बेताचाच. पण गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचा गुणलेखक तोच. संघांचं वेळापत्रक तोच लावतो, पाऊस पडला तर रात्रीत बदलतो, प्रवेश फीचा हिशेब त्याच्याकडे. ओळ अशी झाली: ‘गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचे गुणलेखन आणि वेळापत्रक, २०२० पासून; दर वर्षी १२ ते १६ संघ, प्रवेश फीचा हिशेब.’ शब्द वाढले थोडेच. पण आता वाचणाऱ्याला एक माणूस दिसतो, हातात वही असलेला. गोदामाला तसाच माणूस लागतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आमच्या भागात ही चूक फार होते. मुलं खरं काम छंदात टाकतात. रविवारी होमस्टेच्या पाहुण्यांना रानातली वाट दाखवायला नेणं, गणेशगुडीला काळी नदीवर राफ्टिंगच्या मोसमात सामान हाताळणं, मामाच्या दुकानाचं बिल बनवणं, हे छंद नाहीत. याचे पैसे मिळोत न मिळोत, हे काम आहे. ते वर, अनुभवाच्या रकान्यात गेलं पाहिजे. घरचं काम म्हणजे काम नव्हेच, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं, म्हणून पोरं तो रकाना कोरा सोडतात. त्या क्रिकेटच्या ओळीबद्दलही मी बराच विचार केला. शेवटी ती आम्ही वरच नेली. छंदाच्या ओळीत मग त्याच्याकडे काय उरलं? मोटर. पंपाची जळालेली मोटर तो घरी स्वतः खोलतो, तारांचे वेढे मोजून कागदावर काढतो आणि मग भरायला देतो. ‘मी स्वतः भरत नाही,’ हे त्याने मला दोनदा सांगितलं. आम्ही तसंच लिहिलं: खोलून तपासणे. एवढं प्रामाणिक असलं की मुलाखतीत भीती राहत नाही.

खोटं किती महागात पडतं ते सांगते. एका मुलाच्या अर्जात दुसऱ्या कुणाच्या तरी फाइलमधलं ‘बुद्धिबळ’ तसंच राहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्याने सहज विचारलं, घोडा कसा चालतो? त्याला सांगता आलं नाही. त्याचे मार्क चांगले होते, मुलगा सरळ होता. पण तेवढ्या एका प्रश्नाने वरच्या सगळ्या कागदावर संशयाची सावली पडली, आणि ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ याखाली त्याची सही होती. तो घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: ज्या छंदावर तीन मिनिटं न अडखळता बोलता येत नाही, तो कागदावर नको. ‘वाचन’ लिहायचं तर शेवटी वाचलेल्या तीन पुस्तकांची नावं आणि त्यातलं एक का आवडलं, हे ओठांवर हवं. नसेल तर वाचन खोडा. त्यात कमीपणा नाही.

नोंद ठेवलेल्या छंदाची ताकद किती असते, हे पाहायचं तर सालिम अलींचं आयुष्य पाहावं. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा. लहानपणी मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची जात कळावी म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तिथल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला कपाटं भरून ठेवलेले पक्षी दाखवले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पुढचं कमी लोक सांगतात. पक्ष्यांचं एवढं वेड असूनही भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेत त्यांना पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही, कारण विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला पक्षिशास्त्र शिकून आले, तर परत येईपर्यंत ती जागाच रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ती ते महिनोन्‌महिने पाहत बसले आणि पाहिलेलं रोज लिहीत गेले. सुगरणीचा नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर आत राहते, आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो. हे त्या नोंदींतून नीट पुढे आलं. त्यावरचा निबंध १९३१ मध्ये छापून आल्यावर पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं.

मला त्याहूनही मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्यांनी संस्थानांकडे प्रस्ताव मांडला: तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, माझा मोबदला नको, फक्त मुक्कामाचा आणि फिरण्याचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानाची पाहणी त्यातून झाली, मग इतर ठिकाणच्या. त्या प्रस्तावाकडे नोकरीचा अर्ज म्हणून पाहा. पदवीचा रकाना कोरा, आणि त्याच्या जागी काय आहे? काय पाहिलं, कुठे, किती दिवस, आणि त्यातून काय कळलं.

याला जोडूनच गणेशगुडीच्या मुलांबद्दल बोलायला हवं. ओल्ड मॅगझिन हाउसच्या आवारात पक्षी पाण्यावर उतरतात, ते टिपायला पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे लोक हातभर लांबीच्या लेन्स घेऊन येतात. त्यांचं सामान उचलणाऱ्या पोराला आवाजावरून पक्षी ओळखता येतो. माडगरुड, म्हणजे पुस्तकातला धनेश, या रानात चार प्रकारचे आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश. यातला कोणता कुठल्या उंबरावर, वडावर कधी येतो, हे त्या पोराला ठाऊक असतं. पण त्याच्याकडे लिहिलेलं काहीच नसतं. पाहुण्याकडे फोटो असतो, तारीख असते, यादी असते. ज्ञान एकाकडे आणि पुरावा दुसऱ्याकडे.

हा पुरावा तयार करायला आज पैसा लागत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेची ‘ई-बर्ड’ ही नोंदीची सोय २००२ पासून आहे आणि आता ती साध्या मोबाइलवर चालते. किती वाजता, कुठे, कोणते पक्षी किती दिसले, एवढं भरायचं. रेंज नसली तरी यादी फोनमध्ये राहते आणि नंतर चढवता येते. अणशीच्या घाटात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वर्षभर आठवड्याला एक यादी केली तर पन्नासच्या वर याद्या होतात, प्रत्येकीवर तारीख आणि ठिकाण. मग कागदावर लिहिता येतं: ‘पक्षीनिरीक्षण, काळी नदी परिसर, ई-बर्डवर ५२ याद्या, चारही धनेश आवाजावरून ओळखतो.’ दांडेलीच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये निसर्ग मार्गदर्शकाची जागा असेल तर ही ओळ तळाशी ठेवायचीच नाही, नावाच्या लगेच खाली आणायची. कारण त्या कामात तीच पात्रता आहे.

आता एका अवघड गोष्टीबद्दल. छंदाच्या ओळीतून माणसाची आवडच नव्हे, त्याचं घरही दिसतं. लॉरेन रिव्हेरा आणि आंद्राश टिल्चिक या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत याची परीक्षा घेतली. त्यांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वकिलीच्या विद्यार्थ्यांचे काल्पनिक अर्ज त्यांनी चौदा शहरांतल्या मोठ्या लॉ फर्मच्या ३१६ कार्यालयांना पाठवले. शिक्षण, मार्क, अनुभव सगळं सारखं. बदलल्या त्या घरची स्थिती सुचवणाऱ्या बारीक खुणा. काही अर्जांत शिडाची होडी चालवणं, पोलो, अभिजात संगीत. काहींत धावण्याच्या शर्यती, मैदानावरचा साधा फुटबॉल, कंट्री संगीत. श्रीमंती छंदांच्या पुरुष उमेदवाराला सुमारे १६ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. साध्या छंदांच्या पुरुषाला एका टक्क्याच्या आसपास. आणि श्रीमंती छंदांच्या बाईला तो फायदा मिळालाच नाही. ही नोकरी सोडून घरी बसेल, असा संशय तिच्या वाट्याला आला.

हे वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. जोयड्याच्या मुलाला मी कंद आणि पंपाची मोटर लिहायला सांगते, तेव्हा त्याचं नुकसान तर करत नाही ना? आपल्याकडेही ‘ट्रेकिंग’, ‘फोटोग्राफी’, ‘ट्रॅव्हल’ या शब्दांना एक वजन आहे, आणि गुरं राखत रोज डोंगर चढणाऱ्या मुलाचं चालणं कुणी ट्रेकिंग म्हणत नाही. विचार करून माझं मत असं झालं आहे. छंदाच्या नावातून घर दिसतं. छंदाच्या तपशिलातून हात दिसतात. नावच तेवढं लिहिलं तर वाचणारा आपल्या पूर्वग्रहाने उरलेलं भरतो. तपशील दिला की त्याला भरायला कमी जागा उरते. शिवाय उसन्या छंदाचं काय होतं ते घोड्याच्या गोष्टीत पाहिलंच. एखादा साहेब तरीही नाक मुरडेल. त्याला मी बदलू शकत नाही, पण त्याच्यासाठी मुलीच्या आईचे अकरा कंद ‘बागकाम’ या शब्दाखाली पुरून टाकायला माझा हात धजत नाही.

कुठे काय लिहायचं याचा विचार मात्र हवाच. तीनहून जास्त छंद नकोत, दोन पुरतात. जाहिरात वाचून निवडा. तोच मुलगा गोव्यातल्या हॉटेलात अर्ज करणार असेल तर मोटरीपेक्षा घुमट वाजवणं पुढे येईल. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला आहे. तिथल्या व्यवस्थापकाला त्याचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. भजन असेल तर ‘धार्मिक कार्याची आवड’ असं गुळगुळीत लिहू नका. मृदंग किती वर्षं वाजवता, सप्ताहात सलग किती तास साथ केलीत, किती जणांचं मंडळ आहे, ते लिहा. मग ती कला होते, शिस्त होते, माणसं सांभाळणं होतं. पक्षाचं किंवा संघटनेचं पद छंद म्हणून लिहू नये, असं मी सांगते. वाचणारा कोण असेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

आमच्या रानातल्या मुलांना आणखी एक सांगावं लागतं. साप पकडणं हा इकडे मोठेपणाचा विषय. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, सापांना त्याचं संरक्षण आहे आणि वनखात्याच्या परवानगीविना साप पकडणं गुन्हा ठरतो. परवानगी घेऊन, खात्याबरोबर काम केलं असेल तर अभिमानाने लिहा, तसा उल्लेख करून. नसेल तर तो कागद तुमच्याच विरुद्ध बोलेल. शिकारीच्या गोष्टी तर आजोबांच्या तोंडूनच ऐकाव्यात. आपण व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत राहतो. दांडेली-अणशीला हा दर्जा २००७ मध्ये मिळाला, आज त्याला काळी नदीचं नाव आहे, आणि इथल्या निम्म्या नोकऱ्यांचा संबंध या ना त्या वाटेने त्या रानाशीच येतो, असं मला तरी दिसतं.

जागेचं म्हणाल तर पहिल्या नोकरीचा कागद एका पानाचा असावा. मुलं म्हणतात, छंदाला जागाच उरत नाही. उरते. खासगी नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, लग्न झालंय का, याची गरज नसते. जाहिरातीत मागितलं नसेल तर काढा, पाच ओळी मोकळ्या होतात. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि ते जाहिरातीतले शब्द शोधतं. तिथे छंदाच्या ओळीचा फारसा उपयोग नाही, तिची वेळ माणसाच्या हातात कागद पडल्यावर येते. आणि पाच-सहा वर्षं नोकरी झाली की ही ओळ बिनदिक्कत गाळा. तोवर तुमचं कामच बोलायला लागलेलं असतं.

इंग्रजीचा धाक हा शेवटचा अडसर. घरी कोकणी, पोथी आणि भजन मराठी, शाळा कन्नड, आणि अर्ज इंग्रजीत. चार भाषांच्या या रोजच्या प्रवासात मुलं आपल्या वस्तूंची नावंच टाकून देतात. मुडलीला इंग्रजी शब्द आठवत नाही, म्हणून बागकाम. माझं सांगणं आहे, मुडली तसंच लिहा, रोमन अक्षरांत, आणि पुढे दोन शब्दांत फोड करा: स्थानिक कंद. घुमट तसंच लिहा, पुढे: मातीचं तालवाद्य. परका शब्द दिसला की वाचणारा थांबतो, विचारतो, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त ठाऊक असलेल्या विषयावरच मुलाखत सुरू होते.

त्या मुलीची ओळ आम्ही बसून लिहिली. ‘घरच्या परसात ११ जातींच्या कंदांची लागवड आणि बियाणे जपणूक, आईसोबत, जोयड्याच्या कंद मेळाव्यात चार वर्षे विक्री आणि वजनाची नोंद.’ ती कागद घेऊन संध्याकाळच्या बसने गेली. मुलाखतीला वही बरोबर ने, असं मी तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. झेरॉक्सच्या दुकानातून बोलत होती. मागे प्रिंटरचा आवाज येत होता.

“बाई, ते अकरा नाही. रात्री आईला वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, तांबडी काटेकणंग तू धरलीच नाहीस. बारा करू?”

“परसात आहे का ती?”

“आहे. विहिरीमागे आहे. मी आत्ता येताना बघून आले.”

“मग बारा कर.”

पलीकडे तिने दुकानदाराला सांगितलेलं मला ऐकू आलं, “दादा, त्या शेवटच्या ओळीवर जा.”